घरातलं मीठ कमी करायचंय, पण नेमकं कुठून?

रानजाई
सासूबाईंचं बीपी वाढलंय. वय ६४. वरचा आकडा १५५-१६०, खालचा नव्वदीच्या पुढे. गोळी सुरू झाली आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. कमी म्हणजे किती, ते मात्र कळत नाही. शेजारच्या काकू म्हणतात बंदच करा. नणंद म्हणते सैंधव वापर, ते चालतं. नवऱ्याचं म्हणणं, गोळी चालू आहे ना, मग जेवणात कशाला हात घालायचा?
सध्या मी आईंची भाजी-आमटी मीठ घालायच्या आधी छोट्या पातेल्यात काढून ठेवते. त्या तक्रार करत नाहीत, पण जेवण निम्म्यावर आलंय. आधी आम्ही चौघं (आई, नवरा, मी, सातवीतला मुलगा) एकत्र बसायचो. आता त्या "मला भूक लागली होती" म्हणून आधीच जेवून घेतात. मला हे बघवत नाही.
तर प्रश्न असे: किती मीठ चालेल, कापायचं कुठून, सैंधवाने काही फरक पडतो का, आणि सगळ्या घराचंच मीठ कमी करावं का? मुलाला त्याचा त्रास तर होणार नाही? आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे चटणी-भाकरीचं घर आहे हे लक्षात घेऊन सांगा.

भटकभवानी
ताटात वरून मीठ वाढणं आजच बंद करा. मिठाचं भांडं जेवायच्या टेबलावरून थेट ओट्यावर.

चकलीभाजणी
+१. आणि वेगळं पातेलं बंद करा हो. माझ्या आईसाठी मी असंच करायचे. एकदा ती म्हणाली, मला दवाखान्यात जेवल्यासारखं वाटतं.

स्टेथो
रानजाई, मी नाशिकला फिजिशियन आहे. गोळ्यांविषयी तुमच्या डॉक्टरांशीच बोला, मिठाचं सांगतो.
जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. यात भाजी-आमटीतलं, पोळीतलं, लोणच्या-पापडातलं, बिस्किट-फरसाणातलं सगळं आलं. आपल्याकडच्या राष्ट्रीय पाहणीत माणशी सरासरी ८ ग्रॅम निघालं, पुरुषांचं ८.९ आणि स्त्रियांचं ७.१. म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही.
मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि जास्तीचं सोडियम बाहेर टाकायला मूत्रपिंडांना जास्त दाब लागतो. वय वाढतं तशी मूत्रपिंडांची ही क्षमता उतरते, म्हणून साठीच्या आसपास मिठाचा परिणाम जास्त दिसतो.
"गोळी चालू आहे, मग कशाला" हे तुमच्या यजमानांचं म्हणणं माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येतं. बीपी असलेल्या लोकांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा दिवसाला साधारण साडेचार ग्रॅम मीठ कमी केल्यावर वरचा आकडा सरासरी ५ ने उतरलेला दिसला. ऐकायला लहान वाटतं, पण हे गोळीच्या जोडीने मिळणारं आहे. शिवाय टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या मीठ कमी असताना जास्त चांगलं काम करतात. भरपूर मीठ खाऊन गोळी वाढवत नेणं मला पटत नाही.

हिशोबी_काका
घर दिवसाला किती मीठ खातं ते शोधायला चमचे मोजत बसू नका. पिशवी मोजा.
नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख टाका. संपली की पुन्हा तारीख बघा. चार माणसांना एक किलो महिनाभर पुरली, तर १००० भागिले ३० भागिले ४, म्हणजे माणशी ८.३ ग्रॅम. पाच ग्रॅमचा हिशोब धरला तर चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. त्यात बाहेरचा पाव, बिस्किटं, शेव-चिवडा पण मोजायचाय, म्हणून स्वयंपाकघरातल्या मिठाचं उद्दिष्ट ४०० ते ४५० ग्रॅम ठेवा. मी बँकेत आयुष्य काढलं, पाहुण्यांच्या जेवणाचा ताळेबंदही मांडून देतो हवा तर.

चकलीभाजणी
काका, कारल्याला मीठ चोळून पिळलेलं पाणी, वांगी टाकून ठेवलेलं मिठाचं पाणी, मासे धुतलेलं मीठ? ते पोटात कुठे जातं?

हिशोबी_काका
बरोबर आहे, ते वजा होतं. आणि वर्षाचं लोणचं घातलं त्या महिन्यात पिशवी भराभर संपते, तो महिना हिशोबात धरायचा नाही. पण माझा भर एका महिन्याच्या आकड्यावर नाही. पिशवी महिन्यामागून महिना जास्त दिवस टिकतेय का, ते बघायचं.

रानजाई
काका, आमच्याकडे चौघांत एक किलो महिनाभरही पुरत नाही. म्हणजे आठ ग्रॅमच्या वरच, आणि बाहेरचं वेगळं. हे मुलाच्या पोटातही जातंय! स्टेथो, धन्यवाद, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण संध्याकाळी शेवेचा पुडा आणला नाही.

आयुर्प्रेमी
सैंधव. आमच्या घरी वीस वर्षं दुसरं मीठ नाही. समुद्री मीठ उष्ण, सैंधव सौम्य. आयुर्वेदात मिठांमध्ये सैंधव श्रेष्ठ सांगितलंय. बीपीवाल्यांनी निर्धास्त वापरावं.

स्टेथो
निर्धास्त या शब्दाला माझा विरोध आहे. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग लोहासारख्या खनिजांच्या अंशामुळे येतो, सोडियम त्याने घटत नाही. पादेलोणाचंही तेच. नणंदबाईंच्या सांगण्यावरून पांढऱ्याच्या जागी तेवढंच सैंधव घातलं तर बीपीला फरक पडणार नाही, उलट आयोडीन मिळेलच याची खात्री राहणार नाही. चवीसाठी वापरायचं तर वापरा, पण मोजून.

आयुर्प्रेमी
खनिजांचा मुद्दा तुम्ही फारच सहज उडवून लावलात. असो. पण ज्या परंपरेचा मी दाखला देतो, तिनेही मिठाला मोकळं रान दिलेलं नाही. चरकाच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात तीन गोष्टी अति वापरू नयेत असं सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि लवण. तेव्हा प्रमाणाबद्दल आपलं भांडण नाही. आणि उपासाच्या दिवशी सैंधव म्हणून साबुदाण्याच्या खिचडीत दुप्पट घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांना मीही टोकतो.

कोकणकडा
रत्नागिरीहून. चव मिठातच असते असं नाही हो. आंबट आणि तिखटाचा वास असला की मीठ कमी असल्याचं जिभेला पटकन कळत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आणि आमसुलं थोडी जास्त घालते, मीठ निम्मं. पालेभाजीला लसणाची फोडणी वरून, वाढताना. डाळीला लिंबू ताटात पिळायचं. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू आणि मिरची-जिऱ्याच्या फोडणीवर. मिठाशिवायही ती खपते.
सगळ्यात महत्त्वाचं: मीठ शेवटी घाला. भाजी शिजून आटली की मीठ वर येतं. सुरुवातीला हाताच्या अंदाजाने घातलेलं नंतर काढता येत नाही.
सोलकढीबद्दल सावध राहा. बाटलीतल्या कोकम आगळात मीठ असतंच, आणि पुष्कळ असतं. त्यात आपण पुन्हा घालतो. आमसुलं भिजवून केलीत तर मीठ आपल्या हातात राहतं, फक्त आमसुलं खारवलेली नाहीत ना ते चाखून बघा. सुकट, सुका बोंबील हे तर मिठाचेच. भरपूर पाण्यात भिजवून, पाणी बदलून घेतलं तर बरंच निघून जातं, तरी आईंना ते क्वचितच द्या.

रस्सामंडळ
कोल्हापूरकडून एक भर. आमचा कांदा-लसूण मसाला टिकावा म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं. साताऱ्याकडंही तसाच करतात. मसाला दोन चमचे पडला की मीठ आधीच आमटीत गेलं, वरून पुन्हा मीठ कशाला? यंदा मसाला कुटताना आम्ही मीठ घातलंच नाही, डबा फ्रिजमध्ये ठेवला. वास तसाच राहिलाय.
भाकरीत आमच्यात मीठ नसतंच. पोळीच्या कणकेतलं काढून टाका, चार दिवसांत कुणाला आठवणारही नाही. भातातलंही काढा. शेंगदाण्याची चटणी, खर्डा, ठेचा या तिन्हींवर मात्र खरी नजर हवी. आपण बोट लावून खातो म्हणतो आणि गोळाच घेतो.

भटकभवानी
आमच्याकडे सोपा उपाय झाला. आठवड्यातून तीनदा नवरा स्वयंपाक करतो. मीठ घालायचं त्याच्या लक्षातच राहत नाही. बीपी दोघांचंही छान आहे!

परसातली_कर्दळ
एडिसन, न्यू जर्सी. आमच्याकडे चित्र उलटं आहे. अमेरिकेत पोटात जाणाऱ्या मिठातलं सत्तर टक्क्यांहून जास्त तयार पदार्थ आणि हॉटेलांतून येतं. मी घरात मीठ निम्म्यावर आणलं, तरी ब्रेड, चीज, सॉस, डबाबंद राजमा, फ्रोजन पराठे यांनी हिशोब मोडला. इथल्या वेष्टनावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं आणि दिवसाची मर्यादा २३०० धरतात. मिठात बदलायचं तर अडीचने गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.
डबाबंद कडधान्य चाळणीत ओतून नळाखाली धुतलं तरी बरंच मीठ जातं. फ्रोजन पराठ्यांना इलाज नाही, ते विकत आणणं थांबवलं. रविवारी मेथीचे ठेपले लाटून ठेवते. भारतातल्या पुड्यांवरही सोडियम छापलेलं असतं, रानजाई. बिस्किटांचं बघा एकदा. गोड पदार्थातही ते असतं हे बहुतेकांना माहीत नसतं.

औषधांची_पेटी
सांगलीत औषधांचं दुकान आहे. दुकानात बसून जे दिसतं ते लिहितो.
पोट फुगलं की लोक फसफसणारी पावडर घेतात. ती सोड्याची असते, म्हणजे सोडियम. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांतही ते भरपूर असतं. ढोकळा, भजी यांतला खायचा सोडा, पापडातला पापडखार, त्यांतही सोडियम आहेच, खारट लागत नाही एवढंच. दुसरं, गुडघेदुखीच्या गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक. या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा जोरही कमी करतात. ६४ वर्षांच्या बाई गुडघ्यासाठी स्वतःच्या मनाने काही घेत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. बहुतेक जण सांगत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटतच नाही.

रानजाई
अहो, गुडघ्याची गोळी घेतात! दुखलं की एक. डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं. उद्याच फोन करते. खूप आभार.

वऱ्हाडी_ठेचा
थांबा बाप्पा. सगळे मीठ कमी करा म्हणताहेत, आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ पाशी जातो. शेतात राबणारा माणूस घाम गाळतो, त्याचं काय? आमचे एक काका. बीपी निघालं म्हणून मीठ पार बंद केलं, वर लघवीची गोळी चालू. महिन्याभरात कसं बोलतात ते कळेना, झोपाळल्यासारखे, तोल जायचा. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं सोडियम उतरलेलं. हे पण लिहा कुणीतरी.

स्टेथो
हे लिहायलाच हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. म्हणूनच शेजारच्या काकूंचं "बंदच करा" चूक आहे. वयस्कर माणूस, लघवीची गोळी (विशेषतः क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड) आणि जेवण निम्म्यावर आलेलं, ही जोडी धोक्याची आहे. सुस्ती, गोंधळ, तोल जाणं दिसलं तर वाट बघायची नाही, रक्तातलं सोडियम तपासायचं. रानजाई, आईंच्या गोळीत अशी लघवीची गोळी मिसळलेली आहे का ते पाकिटावर बघा आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.
दिवसभर उन्हात राबणाऱ्याची गोष्ट वेगळी. घामातून मीठ जातं हे खरं, ज्याचं काम तसं आहे त्याने पाच ग्रॅमला चिकटून बसायचं कारण नाही. पण पंख्याखाली बसणाऱ्याने "उन्हाळा आहे" म्हणून ताकात मीठ वाढवू नये. बीपीची औषधं चालू असलेल्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

बहुश्रुत
मी थोडा विरुद्ध बाजूने बोलतो. मीठ जितकं कमी तितकं चांगलं, हे सर्वमान्य नाही. हृदयरोगतज्ज्ञ सलीम यूसुफ यांच्या गटाने अनेक देशांत केलेल्या 'प्युअर' अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली आले. दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम, म्हणजे साडेसात ते पंधरा ग्रॅम मीठ घेणाऱ्यांना धोका सगळ्यात कमी आढळला. ३ ग्रॅमच्या खालीही धोका वाढलेला. मग आपली ८ ग्रॅमची सरासरी वाईट कशी?

स्टेथो
अभ्यास मोठा होता, पण त्यात मीठ मोजलं ते सकाळच्या एका लघवीच्या नमुन्यावरून, सूत्र लावून. चोवीस तासांची लघवी जमवणं ही खरी पद्धत. शिवाय आजारी माणूस मुळात कमी खातो, म्हणून त्याच्या पोटात मीठही कमी जातं. मग कमी मिठामुळे धोका वाढला की आजारामुळे, हे वेगळं करता येत नाही. आणि त्याच गटाने २०१६ मध्ये पुन्हा आकडे मांडले, तेव्हा बीपी असलेल्यांमध्ये जास्त मिठाने धोका वाढतो हे त्यांनाही दिसलं. इथे प्रश्न बीपी असलेल्या बाईंचा आहे आणि त्यांच्या घरात मीठ आठ ग्रॅमच्या वर जातंय.

बहुश्रुत
शेवटचा मुद्दा मान्य, त्यांनी कमी करावंच. निरोगी माणसाबद्दल माझी शंका कायम आहे. जाता जाता: बीपीच्या आजच्या गोळ्या नव्हत्या त्या काळात, १९४० च्या दशकात, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर अतिगंभीर बीपीच्या रुग्णांना भात, फळं आणि साखर यांवर ठेवत. मीठ जवळजवळ शून्य. अनेकांचं बीपी उतरलं. तो आहार फार कडक होता, घरी कुणी करून बघू नये, पण जेवणाने केवढा फरक पडू शकतो ते तेव्हा दिसलं.

फुजीची_सावली
टोकियोहून. जपानच्या ईशान्येला, अकिता भागात, एकेकाळी पक्षाघाताने फार माणसं जायची. लांब हिवाळा, भाज्या-मासे मिठात मुरवून ठेवायचे, वरून मिसो सूप. फ्रिज आले, बीपी तपासण्याच्या मोहिमा झाल्या, गावागावांत कमी मिठाचा स्वयंपाक शिकवला गेला आणि पक्षाघाताचं प्रमाण पुष्कळ उतरलं.
मला इथे एक गोष्ट फार आवडते. वेष्टनावर सोडियम न लिहिता थेट 'मीठ इतके ग्रॅम' असं लिहावं लागतं. गुणाकाराची भानगड नाही. आपल्याकडे हे यायलाच हवं. आणि नूडल्सच्या वाडग्यात शेवटी उरलेलं सूप न पिता ठेवलं तर कुणी वाईट मानत नाही. मिसळीच्या कटाला हा नियम लावता येईल!

रस्सामंडळ
कट ठेवायचा? धागा बंद करा हा.

मांडवीकाठ
पणजीहून. माझ्या आईकडे पार्‍याची बरणी आणि किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) ही जिवाभावाची दोन्ही ठिकाणं मिठाची. पारा म्हणजे खारवलेल्या मासळीचं लोणचं, त्यात मीठ कमी करताच येत नाही. मग आम्ही वाटा ठरवला. पेजेसोबत एक छोटा तुकडा, तोही रोज नाही. किसमुरीत सुकी सुंगटं कमी आणि खोबरं-कांदा जास्त.
अवांतर: आमच्याकडची मिठागरं एकेक करून बंद पडताहेत. जाडं मीठ वापरा असं सांगणारे भेटतात, तर लक्षात ठेवा, खड्याचं असो की बारीक, वजनाला तेवढंच. पण चमच्यात खडे कमी मावतात, त्यामुळे चमच्याने मोजणाऱ्याचा घोळ होतो.

कोकणकडा
मिठागरांचा विषय निघालाच आहे तर, आमच्या कोकणातल्या शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवरही. मूठभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. म्हणून मिठाला शत्रू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जपून वापरायची वस्तू आहे.

औषधांची_पेटी
कुणी विचारायच्या आधी कमी सोडियमच्या मिठाबद्दल लिहितो, दुकानात रोज विचारतात. यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर याचा मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आले. पंचाहत्तर टक्के नेहमीचं मीठ आणि पंचवीस टक्के पोटॅशियमचं, असं वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना आधी पक्षाघात झालेला किंवा साठीपुढचे बीपीवाले, असेच लोक त्यात होते. म्हणजे वस्तू कामाची आहे.
पण ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांनी हे स्वतःहून घेऊ नये. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून मग ठरवा.

थेम्सकाठची_मराठी
मीठ हळूहळू उतरवावं असं मी म्हणेन, त्याला ब्रिटनचा दाखला जोडते. इथे २००३ च्या सुमारास सरकारने पाव, बिस्किटं, सॉस बनवणाऱ्यांना मीठ टप्प्याटप्प्याने उतरवायला लावलं. पावातलं मीठ थोडं थोडं करत बरंच खाली आलं, लोकांनी पाव खाणं सोडलं नाही. रानजाई, घरात हेच करा. एकदम निम्मं केलंत तर पहिल्याच जेवणाला बंड होईल. डब्यात हाताऐवजी मापाचा चमचा ठेवा आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी किंचित उतरवा. काही आठवड्यांत जीभ सरावते, मग बाहेरचं खारट लागायला लागतं. माझ्या लेकीला आता शाळेतलं सूप खारट लागतं. मुलाला त्रास नाही होणार, त्याच्या जिभेला लहानपणीच सवय लागेल.

चकलीभाजणी
आणि बीपी नीट मोजा. घाईत जिना चढून आल्यावर, बोलता बोलता, एक पाय दुसऱ्यावर टाकून मोजलेलं खरं नसतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. नाहीतर मीठ कमी केल्याने काय झालं ते कळणार कसं?

रानजाई
सगळ्यांचे प्रतिसाद आईंना वाचून दाखवले. गुडघ्याची गोळी डॉक्टरांनी बंद करून दुसरी दिली. बीपीच्या गोळीत लघवीची गोळी नाही, पण तरी त्यांनी रक्त तपासायला सांगितलंय. वेगळं पातेलं कालपासून बंद केलं. आता एकच आमटी, सगळ्यांना कमी मिठाची. कणकेतलं आणि भातातलं मीठ गेलं, मसाल्याचा डबा संपला की नवा बिनमिठाचा. आईंना इथे दोन ओळी लिहायच्या आहेत, त्यांनी बोलून दाखवलं ते मी टंकते:
"नमस्कार. मी हिची सासू. सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं लिहिलं, बरं वाटलं. कमी मिठाचं मी खाईन. लहानपणी दुष्काळात मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी खाल्लेली माणसं आम्ही. पण पातेलं वेगळं झालं की घरात आपलं ओझं झालंय असं वाटायचं, म्हणून मी आधी जेवून घेत होते. आता एकत्र बसतो. नातू म्हणतो आजी, आमटी बरी लागते. खोटं बोलतोय, पण बोलू दे. एक विचारायचं होतं. उन्हाळ्यात मी कुरडया, सांडगे आणि उडदाचे पापड करते, लेकींनाही देते. त्यातलं मीठ कमी केलं तर वर्षभर टिकतील का?"

कोकणकडा
मावशी, नमस्कार. कुरडया-सांडगे टिकतात ते कडकडीत वाळल्यामुळे. मीठ निम्म्यावर आणलंत तरी चालेल, फक्त उन्हं दोन जास्त द्या आणि डबा कोरडा ठेवा. आमच्याकडे फेण्या तशाच करतो.

रस्सामंडळ
पापडाचं मात्र थोडं जपून. पापडखार फार कमी केला तर पापड फुलत नाही, मीठ तेवढं कमी करा. आणि मावशी, पापड तळला काय, भाजला काय, मीठ तेवढंच राहतं. भाजल्याने तेल वाचतं.

चकलीभाजणी
लोणच्याला हे लावू नका मावशी. तिथे मीठच टिकवतं. कमी मिठाचं घालायचं तर छोटी बरणी, लिंबाचा रस जास्त, फ्रिजमध्ये ठेवायची आणि पंधरा दिवसांत संपवायची.

स्टेथो
मावशी, महिन्याभराने वहीतले आकडे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. आकडे चांगले आले तरी गोळी मनाने बंद करू नका, कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि रक्ताच्या तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तिन्ही सांगितलीत ना, ते रानजाईंनी कागदावर बघून घ्यावं.

रानजाई
तिन्ही आहेत. सोमवारी सकाळी रक्त द्यायला जातोय. मावशींचा, म्हणजे आईंचा निरोप: फेण्यांची कृती कोकणकडांनी इथेच टाकावी, मिठाच्या मापासकट.